उजवा हात गेला, डाव्या हातानं दोन सुवर्ण! हवालदार टाकाचची खरी गोष्ट

सकाळी उठल्यावर मोबाईलवर गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत जे मेसेज येतात, त्यात एका नेमबाजाची गोष्ट वर्षानुवर्षं फिरतीय. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर तर ती हमखास असते. एक सैनिक होता, त्याचा उजवा हात बॉम्बमध्ये गेला, मग त्यानं डाव्या हातानं सराव केला आणि ऑलिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं. खाली हात जोडल्याचं चिन्ह आणि वीस जणांना पाठवा म्हणून विनंती.

गोष्ट खरी आहे. पण मेसेजमध्ये ती इतकी घोटून बारीक केलेली असते की मधलं महत्त्वाचं सगळं गळून जातं. या माणसाला आधी बॉम्बनं नाही, एका नियमानं अडवलं होतं. आणि हात गेल्यावर तो परत मैदानात उभा राहू शकला, त्यालाही नेमबाजीतला एक नियमच कारणीभूत होता. जिद्द तर होतीच, पण नियम समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

त्याचं नाव कारोय टाकाच. आपल्याकडच्या मेसेजमध्ये टॅकॅक्स, टकास असं काहीबाही लिहिलेलं असतं. तो हंगेरी देशाचा. तिकडं आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. टाकाच या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ विणकर, म्हणजे आपल्याकडं साळी किंवा कोष्टी म्हणावं तसं. जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्ट शहरातला. पुढं तो हंगेरीच्या सैन्यात गेला आणि सार्जंट झाला. आपल्या लष्करात त्या पायरीला हवालदार म्हणतात.

पिस्तूल हातात घेतल्यावर या हवालदाराचा हात बसला तो बसलाच. १९३६ पर्यंत जगातल्या वरच्या दर्जाच्या पिस्तूलबाजांत त्याची गणती होऊ लागली होती. त्याच वर्षी बर्लिनला ऑलिम्पिक होतं. हंगेरीच्या संघात त्याची जागा पक्की असायला पाहिजे होती. पण तिथल्या सैन्याचा नियम असा की, स्पर्धेला फक्त कमिशन मिळालेले अधिकारी जातील. हवालदार, नाईक, शिपाई यांना बंदी. नेम कितीही चांगला असू द्या, खांद्यावर अधिकाऱ्याचं चिन्ह नाही तर संघात जागा नाही.

आपल्या भागातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. नांदेड आणि लातूरच्या किती गावांतली पोरं पहाटे चारला उठून रस्त्यानं पळतात आणि शिपाई म्हणून फौजेत भरती होतात. त्यातल्या एखाद्याला तुझा नेम चांगला आहे पण तुझी पायरी खालची आहे असं सांगितलं तर काय वाटेल, ते ज्याच्या घरात फौजी आहे त्यालाच कळेल.

गंमत बघा, त्याच बर्लिनमध्ये हंगेरीच्या वॉटरपोलो संघानं सुवर्णपदक मिळवलं आणि त्या संघात ओलिव्हेर हालाशी नावाचा खेळाडू होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली तुटलेला होता. म्हणजे एक पाय नसलेला माणूस पाण्यात उतरून देशासाठी सुवर्ण आणतो, ते चालतं. आणि दोन्ही हात धड असलेला हवालदार मात्र हुद्द्यासाठी घरी बसतो. ऑलिम्पिक झाल्यावर हा नियम हंगेरीत काढून टाकला गेला. टाकाचनं पुढच्या, १९४० च्या ऑलिम्पिककडं डोळे लावले.

१९३८ साली लष्करी सराव चालू असताना त्याच्या हातात एक हातबॉम्ब होता. तो सदोष निघाला आणि उजव्या हातातच फुटला. ज्या हातानं तो नेम धरायचा, चाप ओढायचा, तोच हात कायमचा निकामी झाला. महिनाभर तो दवाखान्यात होता. वय अठ्ठावीस.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. लपूनछपून डाव्या हातानं सराव सुरू केला.

इथं नेमबाजीचा तो दुसरा नियम समजून घेतला पाहिजे. सिनेमात पोलीस दोन्ही हातांनी पिस्तूल धरतात. पण ऑलिम्पिकच्या पिस्तूल स्पर्धेत पिस्तूल एकाच हातात धरायचं असतं. दुसरा हात टेकू म्हणून लावता येत नाही, मनगटाला आधार बांधता येत नाही. म्हणून तुम्ही बघितलं असेल, पिस्तूल नेमबाज दुसरा हात खिशात घालतात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. रायफल असती तर टाकाचचा खेळ तिथंच संपला असता, कारण रायफलला दोन हात लागतात. पिस्तुलाचा खेळ मुळातच एका हाताचा. सगळे स्पर्धक एकाच हातानं खेळणार, मग याचा एक हात नाही म्हणून नियमाच्या पुस्तकात अडवायला जागाच नव्हती. त्याला कसली सवलत मिळाली नाही आणि त्याला ती मागावीही लागली नाही.

पण डावा हात म्हणजे उजव्याची नक्कल नव्हे. उजव्या हातानं विळा चालवणाऱ्या माणसानं डाव्या हातात विळा घेऊन ज्वारीची एक पात काढून बघावी, मग कळेल. पिस्तुलाची मूठ हाताच्या घडणीप्रमाणं असते, उजव्या हाताची मूठ डाव्यात बसत नाही. नेम धरणारा डोळा बहुतेकांचा उजवा असतो, तो आता हाताच्या दुसऱ्या बाजूला गेला. उभं राहायची पद्धत उलटी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे चाप ओढणारं बोट.

चाप म्हणजे ट्रिगर. लोकांना वाटतं नेमबाजी म्हणजे डोळ्याचं काम. जाणकार नेमबाज उलटं सांगतात. डोळा नेम धरतो, पण नेम बिघडवतं ते बोट. बोट जरा तिरकं दाबलं, झटका दिला, की नळीचं तोंड केसभर हलतं आणि २५ मीटरवर त्या केसभराचे चार बोटं होतात.

म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलात चापावर बारीक काम केलेलं असतं. ज्यानं ट्रॅक्टर चालवलाय त्याला हे लगेच समजेल. क्लच दाबताना सुरुवातीला थोडी मोकळी चाल असते, फ्री प्ले म्हणतात ती. मग पायाला जड लागतं आणि तिथून खरं काम सुरू होतं. चांगल्या पिस्तुलाचा चाप तसाच दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा, मग बोटाला एक भिंत लागल्यासारखी जाणवते. त्या भिंतीपाशी थांबून नेम पक्का करायचा आणि मग अगदी थोडा दाब वाढवला की गोळी सुटते. पहिल्या टप्प्यात किती वजन आणि दुसऱ्यात किती, चाप बोटापासून किती लांब, गोळी सुटल्यावर चाप किती मागं जाऊन थांबतो, हे सगळं नेमबाज आपल्या बोटाप्रमाणं लावून घेतो. यात लपवाछपवी नाही, नियमानं ते चालतं. स्पर्धेची पिस्तुलं बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी स्क्रूच देतात.

पण त्याला हद्द आहे. आज १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम पाहिजे, २५ मीटरच्या पिस्तुलाचं कमीत कमी १००० ग्रॅम. म्हणजे अर्धा किलो आणि एक किलो. ५० मीटरच्या पिस्तुलाला ही मर्यादा नाही, तिथं चाप इतका हलका असतो की बोट टेकलं की गोळी गेली. तपासणी कशी करतात तर पिस्तूल घोडा चढवून नळी आभाळाकडं करून उभं धरायचं, चापाला ठरलेलं वजन अडकवायचं आणि ते जमिनीवरून अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही तर पास. सुटला तर नापास. तीन वेळा संधी असते. आडत दुकानात काट्यावर सोयाबीनचं पोतं टाकल्यावर शेतकऱ्याची नजर जशी काट्यावर खिळलेली असते, तशी नेमबाजाची नजर त्या वजनावर असते.

आणि हा काटा फक्त स्पर्धेच्या आधी होत नाही. फैरी संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही नेमबाजांना पुन्हा बोलावतात. तिथं वजन भरलं नाही तर केलेले सगळे गुण पाण्यात, खेळाडू थेट बाद. दहा-वीस ग्रॅमचा फरक निघाला तरी ऐकून घेत नाहीत. म्हणून शहाणा नेमबाज चाप बरोबर १००० ग्रॅमवर ठेवत नाही, थोडा वर ठेवतो. स्प्रिंग घासते, सैल पडते, थंडी-उन्हाचाही फरक पडतो. धाब्यावरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे, काठोकाठ भरली की सांडणारच.

हलक्या चापाला मर्यादा का, असं कुणी विचारेल. हलका चाप असला तर गोळी नेम लागायच्या आत सुटते. हात वर येता येता बोट लागलं तर गोळी जमिनीत नाहीतर कुठंही. शेजारी दुसरे नेमबाज उभे असतात. मर्यादा आहे ती जिवासाठी, आणि सगळ्यांना सारखं माप असावं म्हणून.

टाकाचचा प्रकार होता रॅपिड फायर, म्हणजे झटपट गोळीबाराचा. २५ मीटरवर ओळीनं पाच लक्ष्यं. संकेत मिळाला की खाली धरलेला हात वर आणायचा आणि पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी मारायची. आधी ८ सेकंदांत पाच, मग ६ सेकंदांत, मग ४ सेकंदांत. चार सेकंदांत हात वर आणणं, पहिला नेम, चाप, हात उजवीकडं सरकवणं, पुन्हा नेम, पुन्हा चाप. एका गोळीला सेकंदसुद्धा मिळत नाही. तेव्हा मेंदूनं बोटाला सांगायचं आणि बोटानं ऐकायचं एवढा वेळच नसतो, बोटाला ते आपोआप यावं लागतं. उजव्या बोटाला ते दहा-बारा वर्षांत आलेलं. टाकाचनं डाव्या बोटाला ते काही महिन्यांत शिकवलं.

त्या काळी या प्रकारात चापाच्या वजनाला आजच्यासारखी एक किलोची अट नव्हती. ती आली २००५ सालापासून, तेव्हा पिस्तुलाच्या गोळीचा प्रकारही बदलला. त्यामुळं टाकाचच्या वेळचे गुण आणि आजचे गुण एका तराजूत टाकता येणार नाहीत.

१९३९ चा वसंत ऋतू. हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. टाकाच तिथं दिसला तेव्हा जुने सोबती त्याच्याभोवती जमले. हाताचं वाईट वाटलं, तरीही आमचा खेळ बघायला आलास हे बरं केलं, असं त्याला सांगू लागले. बघायला नाही, खेळायला आलोय, असं त्यानं सांगितलं. तोपर्यंत त्याच्या डाव्या हाताच्या सरावाचा कुणाला पत्ता नव्हता. स्पर्धा झाली आणि तो पहिला आला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ऑटोमॅटिक पिस्तूल प्रकारात हंगेरीच्या संघानं विजेतेपद मिळवलं, त्या संघातही तो होता.

आता १९४० चं ऑलिम्पिक समोर होतं. पण दुसरं महायुद्ध पेटलं आणि ते ऑलिम्पिक रद्द झालं. १९४४ चंही रद्द झालं. खेळाडूच्या आयुष्यातली आठ-दहा वर्षं म्हणजे काय हे आपल्याकडं ज्या पोराचं भरतीचं वय निघून गेलं त्याला विचारावं. फरक एवढाच की नेमबाजीत वयाची अट नाही. टाकाचनं पिस्तूल खाली ठेवलं नाही.

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक आलं तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. नेमबाजीची स्पर्धा लंडनबाहेर बिस्ली इथल्या मैदानावर होती. अर्जेंटिनाचा कार्लोस दियास साएन्स व्हालिएन्ते तेव्हा जगज्जेता होता आणि सुवर्ण त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. त्याला टाकाचच्या हाताचं माहीत होतं. स्पर्धेच्या आधी त्यानं विचारलं, तुम्ही इकडं कशाला आलात. टाकाचनं साधं उत्तर दिलं, शिकायला आलोय. ६० गोळ्या झाल्या. टाकाचचे ६० पैकी ६० लक्ष्यावर, गुण ५८०, नवा जागतिक विक्रम. व्हालिएन्ते ५७१ गुणांवर दुसरा आला. पदक देताना व्हालिएन्तेनं त्याला सांगितलं म्हणतात, की तुमचं शिकून पुरेसं झालं. हा किस्सा जगभर सांगितला जातो. सांगताना शब्द थोडे इकडंतिकडं होत असतील, पण गुणांचा आकडा पक्का आहे.

त्याच ऑगस्टमध्ये लंडनलाच स्वतंत्र भारताच्या हॉकी संघानं ब्रिटनला ४-० नं हरवून पहिलं सुवर्ण मिळवलं. आणि त्याच लंडनमध्ये कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा एक पैलवान पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या आखाड्यात उतरून सहावा आला होता. त्याचं नाव खाशाबा जाधव.

त्या बातम्या आपल्या भागात तेव्हा कितपत पोचल्या असतील? नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला लातूर तालुका निजामाच्या राज्यात होते. रझाकारांनी गावागावांत धुमाकूळ घातला होता. लोक रात्री घराची दारं लावून बसायचे, शेजारच्या सोलापूर, विदर्भाच्या हद्दीत पळून जायचे. बंदूक म्हटली की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढं खेळ येत नव्हता. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला, टाकाचच्या सुवर्णानंतर साधारण सहा आठवड्यांनी.

चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकी. या ऑलिम्पिकची आठवण महाराष्ट्राला कायमची आहे, कारण तिथं खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिकडं जायला पैसे नव्हते म्हणून लोकांकडून वर्गणी काढावी लागली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवलं. खाशाबा ज्या गावात आखाड्यात झुंजत होते, त्याच गावात त्याच दिवसांत टाकाच पुन्हा पाच लक्ष्यांसमोर डाव्या हातात पिस्तूल घेऊन उभा होता. वय ४२.

या वेळी त्याच्या समोर कोण होतं तर त्याचाच चेला. सिलार्ड कुन, वय फक्त १७. लंडननंतर टाकाच प्रशिक्षणाचं कामही करत होता आणि हे पोरगं त्याच्या हाताखाली तयार झालं होतं. आता गुरू आणि चेला एकाच स्पर्धेत. टाकाच ५७९, कुन ५७८. एका गुणानं सुवर्ण गुरूकडं राहिलं, रौप्य चेल्याला. दोन्ही पदकं हंगेरीत. रॅपिड फायर प्रकारात सलग दोन सुवर्ण मिळवणारा टाकाच पहिलाच.

मेसेजमध्ये या चेल्याचा उल्लेख सहसा नसतो. पण कुणाला वाटेल की पहिल्या सुवर्णापेक्षा हे मोठं आहे, तर त्यात चूक नाही. स्वतःचं निकामी झालेलं उजवं बोट, नव्यानं शिकवलेलं डावं बोट, म्हणजे या माणसानं चाप ओढण्याची कला दोनदा मुळापासून शिकलेली. ज्याला एखादी गोष्ट दोनदा शिकावी लागते त्याला ती दुसऱ्याला शिकवायची जास्त चांगली जमते. जन्मजात जमणाऱ्याला आपण काय करतो तेच सांगता येत नाही.

१९५६ ला मेलबर्न. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमध्ये तो चिरडला. ऑलिम्पिक सुरू झालं २२ नोव्हेंबरला. खेळाडूंचं मन घरी आणि शरीर ऑस्ट्रेलियात अशी अवस्था. टाकाच तिसऱ्यांदा उतरला आणि आठवा आला. सुवर्ण रुमानियाच्या स्तेफान पेत्रेस्कूनं नेलं.

त्या मेलबर्नची एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. सोव्हिएत कारागिरांनी उलटं पिस्तूल बनवलं होतं. नेहमीच्या पिस्तुलाची नळी मुठीच्या वर असते, त्यामुळं गोळी सुटली की पिस्तूल तोंड वर उचलतं आणि नेमबाजाला ते परत खाली आणावं लागतं. यांनी नळी खाली घेतली, हाताच्या रेषेत. झटका सरळ मागं गेला, तोंड उचलायचं थांबलं. चार सेकंदांत पाच गोळ्या मारणाऱ्याला याचा किती फायदा. तेव्हाच्या पुस्तकात असं पिस्तूल चालणार नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते चाललं. नंतर नियम बदलले आणि तसलं पिस्तूल बाद झालं. आज २५ मीटरचं पिस्तूल एका ठरलेल्या पेटीत बसलंच पाहिजे, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटर. वजनही १४०० ग्रॅमच्या आत. पेटीत बसलं नाही तर पिस्तूल बाहेर. नियम आणि कारागीर यांची ही ओढाताण पहिल्यापासून आहे. कारागीर नियमाच्या कडेपर्यंत जातो, नियम कड थोडी आत घेतो. टाकाच मात्र अशा यंत्राच्या जोरावर कधी जिंकला नव्हता.

त्यानंतरही तो थांबला नाही. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूल प्रकारात त्याला कांस्य मिळालं, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यानं ३५ विजेतेपदं मिळवली. सैन्यात चढत चढत तो लेफ्टनंट कर्नल झाला. ज्या हवालदाराला अधिकारी नाही म्हणून संघाबाहेर ठेवलं होतं, तो अधिकारी होऊनच निवृत्त झाला.

हुद्द्याचा तो जुना नियम आज असता तर आपल्या देशाचंही एक पदक गेलं असतं. २०१२ चं ऑलिम्पिक पुन्हा लंडनला होतं. टाकाचचाच प्रकार, २५ मीटर रॅपिड फायर. भारताच्या विजय कुमारनं त्यात रौप्य मिळवलं. तो हिमाचलचा, लष्करात डोग्रा रेजिमेंटला, हुद्दा सुभेदार. शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा. १९३६ च्या हंगेरीत त्याला संघाच्या बसमध्येही चढू दिलं नसतं.

महाराष्ट्राचीही पिस्तूल-रायफलमधली नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, त्याच एक किलोच्या चापानं. कांबळवाडीच्या शेतकरी भागातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य आणलं. आपल्या जिल्ह्यांतलीही पोरं आता एअर पिस्तुलाची चौकशी करतात. त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिस्तुलाच्या चापावर काम करायचं ते कंपनीनं दिलेल्या स्क्रूनं आणि प्रशिक्षकासमोर. व्हिडीओ बघून घरी कानस घेऊन बसायचं नाही. खाच जास्त घासली गेली तर चाप वजन तर उचलणार नाहीच, वर हादरा बसला तरी गोळी सुटेल. शिवाय परवान्याच्या शस्त्राची दुरुस्ती, फेरफार हे सगळं भारतीय शस्त्र कायद्यात येतं, ते परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं. परवाना नसलेल्या लोहाराकडं नेलं तर खेळ बाजूला राहतो आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

आणि यंत्र कितीही भारी असलं तरी ते दगा देऊ शकतं. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला आणि मौल्यवान वेळ गेला. तीच मनू पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली.

कारोय टाकाच ५ जानेवारी १९७६ ला बुडापेस्टमध्ये वारला. सहासष्टावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. त्याचा चेला सिलार्ड कुन तेव्हा चाळिशीत होता. ज्या गोष्टीचा मेसेज आज आपल्या मोबाईलवर फिरतो तो लिहिणाऱ्यानं टाकाचचा हात गेल्याचं लिहिलं, पदकं लिहिली. पण १९३६ साली बर्लिनला जायची गाडी सुटली तेव्हा दोन्ही हात शाबूत असलेला एक हवालदार मागंच राहिला होता, ते लिहायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.